बारा महिने टिकणारी तब्येत

थंडी पडली की बुढातालाबच्या काठावर सकाळी नवे बूट दिसू लागतात. होळीपर्यंत ते टिकतात. मग ऊन चढतं, मुलांच्या परीक्षा, लग्नसराई, पाहुणे यांची रांग लागते आणि अक्षय तृतीयेपर्यंत बूट खाटेखाली गेलेले असतात. पावसाळ्यात चिखल, गणपतीत धावपळ, नवरात्रात उपास, दिवाळीत फराळ. पुढच्या थंडीत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. चार-पाच वर्षं असं झालं की माणूस म्हणतो, "आपल्याच्यानं नाही होत हे."

यात दोष निर्धाराचा कमी आणि बेताचा जास्त असतो. डिसेंबरच्या हवेत बसून आखलेला बेत रायपूरच्या मे महिन्यात चालत नाही. म्हणून काहीही ठरवण्याआधी एक कसोटी लावा: पारा 43 अंशांवर असलेल्या आठवड्यात, संततधार पावसात आणि घरात लग्न असताना हे करता येईल का? येणार नसेल, तर बेत आणखी लहान करा.

पुरानी बस्ती, बुढापारा, तात्यापारा, लाखेनगर या भागांतली मराठी घरं समोर ठेवून हा लेख लिहिला आहे. मराठी माणसं इकडे नागपूरकर भोसल्यांच्या राज्याबरोबर आली. 1758 पासून 1787 पर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरात राहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते. इतक्या पिढ्यांनंतर आपल्या घरांत दोन्हीकडच्या सवयी नांदतात. सकाळी पोहे, दुपारी वरणभात, रात्री पोळी आणि पोळ्याला पुरणाबरोबर ठेठरी-खुरमीसुद्धा. पुण्या-मुंबईच्या मासिकातला आहार-व्यायामाचा तक्ता इथं जसाच्या तसा लागू पडत नाही. हवा वेगळी, ताट वेगळं, गल्ल्याही वेगळ्या.

वजनकाट्याआधी टेप

सुरुवात शिंप्याच्या टेपनं करा. श्वास सहज सोडून, बेंबीच्या रेषेत, पोट आत न ओढता कंबर मोजा. भारतीयांसाठी धोक्याची रेषा पुरुषांना 90 सेंटीमीटर आणि स्त्रियांना 80 सेंटीमीटर अशी धरली जाते. वजन ठीक असूनही कंबर या पलीकडे असेल, तर लक्ष देण्याची वेळ आली आहे.

याचं कारण पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी जगाला दाखवून दिलं. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि इंग्लंडमधले त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी एकच होता: 22.3. पण युडकिनांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. हडकुळा दिसणारा भारतीय माणूस आतून चरबीदार असू शकतो आणि ती चरबी बहुधा पोटात साठते. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय 23 झाला की वजन जास्त आणि 25 झाला की लठ्ठपणा, अशी युरोपीय लोकांपेक्षा कडक मोजणी वापरतात.

महिन्यातून एकदा, त्याच दिवशी, सकाळी उपाशीपोटी कंबर मोजून दिनदर्शिकेवर लिहा. रोज काट्यावर उभं राहून मन खट्टू करून घेण्यापेक्षा हे बरं.

थंडीत वाढवा, उन्हाळ्यात टिकवा

जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये दिलेला सल्ला सोपा आहे. प्रौढ माणसानं आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम गतीचे श्रम करावेत, आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा आणि पासष्टीपुढच्यांनी तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव करावा. मध्यम गती ओळखायची कशी? चालताना शेजारच्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये.

150 मिनिटांचा आकडा ऐकून घाबरू नका. तो गाठायचा आहे, पण वर्षभर दर आठवड्याला गाठलाच पाहिजे असं नाही. अमेरिकेतल्या अलाबामात झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुण आणि साठीपुढच्या माणसांनी 16 आठवडे ताकदीचा व्यायाम केला. नंतर काहींचा व्यायाम एकतृतीयांशावर, काहींचा तर एकनवमांशावर आणला. पुढचे 32 आठवडे दोन्ही वयांत कमावलेली ताकद बहुतांशी टिकली. म्हाताऱ्यांचे स्नायू मात्र काहीसे उतरले, म्हणून त्यांनी फार कमी करू नये. कमवायला जितकं लागतं, त्याच्या लहानशा भागात टिकवता येतं.

आपल्या गावासाठी याचा अर्थ असा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे कमाईचे महिने. उरलेल्या वर्षात कमाई सांभाळायची. यासाठी दोन बेत आखा. मोठा बेत थंडीचा: आठवड्यात पाच दिवस अर्धा तास चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम. छोटा बेत बाकीच्या सगळ्या दिवसांचा: घरातल्या घरात दहा मिनिटं. छोटा बेत इतका लहान ठेवा की ताप सोडून दुसरं कोणतंही कारण सांगायला लाज वाटावी.

चालण्यासाठी पुरानी बस्ती

या वस्तीचा एक मोठा फायदा आहे: इथं बरंच काही पायी गाठता येतं. महामाया मंदिर, जैतू साव मठ, दूधाधारी मठ, महाराजबंध तालाब, बुढातालाब, त्याच्याजवळचं सप्रे शाळेचं मैदान ही सगळी ठिकाणं चालत हिंडण्याजोगी आहेत. घराबाहेर दुचाकी उभी असते म्हणून दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानात धणे आणायलाही आपण तिच्यावर बसतो. आधी ही सवय मोडा. दहा-पंधरा मिनिटांच्या आतल्या कामाला गाडी काढायची नाही, असा घराचा नियम करा. अरुंद गल्लीत गाडी वळवण्यात आणि लावण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात अर्धी वाट चालून होते.

दहा हजार पावलांचा आकडा डोक्यातून काढून टाकायला हरकत नाही. 1965 मध्ये जपानमधल्या एका कंपनीनं पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं. त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती, तिथून तो आकडा जगभर गेला. 2019 मध्ये अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात रोज सुमारे 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी आढळलं आणि साधारण 7,500 नंतर फायदा फारसा वाढला नाही. अडीच हजारांवरून साडेचार हजारांवर जाणं हेच मोठं काम आहे आणि ते भाजीबाजार, देवदर्शन, नातवाची शाळा यांतून साधतं.

जेवणानंतर दहा मिनिटं गल्लीतच फेऱ्या मारा. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी तर हे सोडूच नये. जेवणानंतर चढणारी साखर चालणारे स्नायू खेचून घेतात.

ताकद: दुर्लक्षित अर्धा भाग

आपल्याकडे व्यायाम म्हटलं की फिरणं, एवढंच समीकरण आहे. पण तिशीनंतर बसून राहणाऱ्या माणसाचे स्नायू दर दशकाला 3 ते 8 टक्के कमी होत जातात. सत्तरीत खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो, तो याच कारणानं. साखर साठवण्याची शरीरातली सर्वांत मोठी जागा स्नायू आहेत, त्यामुळे स्नायू घटले की साखरही आवरत नाही.

यासाठी जिमची पावती फाडावीच लागते असं नाही. पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी रुजवलेला मल्लखांब आज आपल्याच राज्यातल्या अबूझमाडात रुजला आहे. नारायणपूरच्या मुलांचा संघ 2023 मध्ये 'इंडियाज गॉट टॅलेंट' ही स्पर्धा जिंकला. त्यांच्याकडे होता एक खांब आणि स्वतःच्या शरीराचं वजन. तुम्हाला तर खांबही लागणार नाही. पुढचा संच माजघरात होतो:

1. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, दहा वेळा. साठ ते चौसष्ट वर्षांच्या पुरुषाला अर्ध्या मिनिटात 14 आणि स्त्रीला 12 उठबशा जमाव्यात. त्याहून कमी होत असतील तर पाय कमजोर झाले आहेत असं समजा.
2. भिंतीला हात टेकून जोर, दहा वेळा. सोपं वाटू लागलं की स्वयंपाकाच्या ओट्याला आणि मग जमिनीवर.
3. दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन अंगणात फेऱ्या. प्रत्येकी दोन किलोपासून सुरुवात करा.
4. जिन्याचा कठडा धरून टाचा उचलणं, पंधरा वेळा.
5. दाराच्या चौकटीला हात लागेल अशा अंतरावर एका पायावर दहा सेकंद उभं राहणं, मग दुसऱ्या पायावर.

शेवटच्या दोन वेळा थोडा जोर लागला पाहिजे. लागत नसेल तर वजन किंवा संख्या वाढवा. हा संच एकदा केला की छोटा बेत पूर्ण; थंडीत तोच दोन-तीनदा करा.

ज्यांना सूर्यनमस्कार येतात त्यांनी ते सोडू नयेत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत ते सुरू करून घराघरांत पोचवले. चारपासून बारापर्यंत सावकाश वाढवा. गुडघे, पाठ किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सूर्यनमस्कारात ओझं उचलणं नसतं, म्हणून पिशव्यांच्या फेऱ्या जोडीला ठेवा.

रायपूरचं वर्ष आणि व्यायामाची वेळ

मार्च ते मध्य जून. मे महिन्यात साडेपाचच्या आतच उजाडतं. चालायचं तर साडेसहापूर्वी घरी परत. उशीर झाला तर बाहेर पडू नका, छोटा बेत करा. निघण्याआधी एक पेलाभर पाणी प्या. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, घाम अचानक थांबणं यांपैकी काहीही जाणवलं की थांबा, सावलीत या, अंग ओलं करा. शुद्ध हरपत असेल किंवा बोलणं असंबद्ध होत असेल तर सरळ रुग्णालय गाठा.

पावसाळा. गल्लीत पाणी, पायांखाली शेवाळ. घसरून मनगट किंवा खुबा मोडण्यापेक्षा घरात राहिलेलं बरं. हे ताकदीच्या संचाचे दिवस. हरेलीला मुलं गेंडीवर चढतात, तो तोल सांभाळण्याचा उत्तम खेळ आहे. मोबाइल काढून घेऊन मुलांना गेंडी द्या. नागपंचमीच्या कुस्त्या पाहायलाही त्यांना न्या. व्यायामाची आवड उपदेशानं लागत नाही, पाहून लागते.

गणपती ते दिवाळी. पाहुणे, आरत्या, जागरण. या काळात वजन घटवण्याचा विचारच नको. वाढू न देणं पुरेसं. नवरात्रात देवीच्या दर्शनाला पायी जा. उपासाला साबुदाणा खिचडी आणि तळलेल्या चिवड्याऐवजी भगर, दही, फळं, शेंगदाणे घ्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर तीज-नवरात्राच्या निर्जळी-निराहार उपासाआधी डॉक्टरांशी बोलाच.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. कमाईचे दिवस, पण एक सावधगिरी हवी. शहराभोवतीच्या कारखान्यांचा आणि रस्त्यांवरचा धूर थंडीत पहाटे जमिनीलगत साठून राहतो. दम्याच्या आणि हृदयाच्या रुग्णांनी अंधारात फिरायला न जाता ऊन वर आल्यावर किंवा संध्याकाळी जावं.

ताट

महंत बलभद्रदास केवळ दुधावर राहत, म्हणून त्यांच्या मठाला दूधाधारी म्हणतात अशी आख्यायिका आहे. ते महंतांना शोभलं. संसारी माणसानं एका पदार्थावर जगण्याच्या फंदात पडू नये. दुधाच्याही नाही, काकडीच्याही नाही आणि नुसत्या प्रोटीन पावडरच्याही नाही.

छत्तीसगडचा भात आपल्या ताटातून जाणार नाही आणि जायची गरजही नाही. भाताचा ढीग कमी करा आणि ताटाचा अर्धा भाग भाज्यांनी भरा. या बाबतीत हा प्रदेश श्रीमंत आहे: लाल भाजी, चेच भाजी, करमत्ता, अमारी, कोहड्याची कोवळी पानं. बाजारातल्या मावशींकडे हंगामाप्रमाणे जे ताजं असेल ते घ्या. आठवड्यातून दोन-तीन वेळा कोदो-कुटकी भाताच्या जागी शिजवा. उन्हाळ्यातली बोरे-बासी कांद्यासह खायला उत्तम. शरीराला पाणी मिळतं आणि पोट थंड राहतं. मधुमेह असेल तर वाटी मोजून, रक्तदाब असेल तर मीठ चिमूटभरच. दिवसभराचं सगळं मिळून मीठ माणशी 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर असावं. पापड, लोणचं, मिक्श्चर यांतलं मीठही याच हिशेबात.

खरी कमतरता प्रथिनांची आहे. प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. 60 किलोच्या माणसाला दिवसाला 50 ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, पेलाभर दुधातही साधारण तितकीच मिळतात. नुसत्या पातळ वरणभातानं हिशेब जुळत नाही. म्हणून दिवसातून एकदा मटकी, चणे किंवा वाटाण्याची उसळ आणि एकदा दही, अंडं, पनीर किंवा मासे ठेवा. सकाळच्या पोह्यांत मूठभर शेंगदाणे आणि मोडाची मटकी घाला. बाहेरच्या पोहे-जिलेबीतली जिलेबी रविवारसाठी राखून ठेवा.

तेलाचा हिशेब महिन्याच्या किराण्यातून करा. चौघांच्या घरात तीन किलोच्या वर तेल जात असेल, तर कढई फार वेळा चढते आहे.

गुडाखू, झोप आणि तपासण्या

आपल्या भागातलं एक व्यसन पुष्कळांना व्यसनच वाटत नाही: गुडाखू. सकाळी दात घासायचं निमित्त, पण ती तंबाखू आहे, आणि तिच्यामुळे तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. अनेक बायका ती लपून लावतात, म्हणून घरात कुणी बोलत नाही. सोडायला मदत हवी असेल तर 1800-112-356 या राष्ट्रीय मदतवाहिनीवर फोन विनामूल्य आहे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारा व्रण, तोंड कमी उघडणं यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना लगेच दाखवा.

रात्री सात तास झोप घ्या. कमी झोपलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी जास्त भूक लागते आणि व्यायाम नकोसा होतो.

तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि कंबर तपासा. सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर फुकट पाहतात. रक्तदाब 140/90 किंवा त्याहून वर वारंवार येत असेल, तर उपचार हवेत. उपाशीपोटी साखर 100 ते 125 ही मधुमेहाची वेस. 126 किंवा त्यावर दोनदा आली तर मधुमेह. वेशीवरून परतता येतं. अमेरिकेतल्या 2002 च्या मोठ्या चाचणीत आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम आणि सुमारे 7 टक्के वजनघट हे लक्ष्य ठेवणाऱ्यांत मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं.

छत्तीसगडात सिकलसेलचा आजार बऱ्याच समाजांत आढळतो. घरात कुणाला तो असेल तर उन्हात दमेपर्यंतचा व्यायाम आणि पाणी कमी पडणं दोन्ही टाळा. रायपुरात यासाठी खास सिकलसेल संस्था आहे. चालताना छातीत दाब, धाप किंवा जबडा-हातात कळ येत असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी हृदयाची तपासणी करून घ्या.

खंड पडला तर

पडणारच. लंडनमधल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18, कुणाला 254 लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. म्हणून चुकलेल्या दिवसाची भरपाई दुसऱ्या दिवशी दुप्पट करून करू नका. दुसऱ्या दिवशी छोटा बेत करा, एवढंच. आजारपणानंतर किंवा लग्नघरातून परतल्यावर पहिला आठवडा निम्म्यानं सुरू करा.

एकट्यानं करू नका. शेजारच्या वहिनी, कॉलेजातला पुतण्या, महाराष्ट्र मंडळात भेटणारे समवयस्क, कुणीतरी एक सोबती गाठा. दार वाजवणारा माणूस असला की पांघरूण लवकर सुटतं. घरातल्या बायकांची अडचण मात्र सोबतीपेक्षा वेळेची असते. त्यांचा अर्धा तास मोकळा करणं हे घरातल्या पुरुषांचं काम आहे. सकाळचा चहा आणि मुलांचे डबे एखाद-दोन दिवस त्यांनी करावेत.

शनिवारची वाट पाहू नका, नवं वर्षही लागत नाही. आज रात्रीच्या जेवणाआधी खुर्ची ओढा, हात न टेकता दहा वेळा उठा-बसा आणि जेवण झालं की दहा मिनिटं गल्लीत चालून या. छोटा बेत सुरू झाला. आता तो येत्या मे महिन्यातही चालू ठेवा.